दोन गुण कमी

डॉ. मकरंद देवस्थळींना मी एके काळी देवमाणूस म्हणायचे. आता त्यांचं नाव निघालं तरी माझं डोकं उठतं. त्यांच्याबद्दल जे वाईट बोलायचं आहे ते मी बोलणारच आहे, पण ते बोलून झालं की माझीही पाळी येते आणि ती मी टाळणार नाही. हुकूम त्यांचा असला तरी बोटं माझीच चालली होती.

मी शुभांगी ढाणे. घाटाखाली भैरोबा फाट्यावर अपघात रुग्णालय आहे, तिथली नोंद-सिस्टर. सरकारी कागदावर आम्ही केंद्र सतरा. राज्यात अशी एकेचाळीस केंद्रं आहेत आणि सगळ्यांची माहिती एका जागी गोळा होते. त्या व्यवस्थेला दोन ओळींचं लांबलचक नाव आहे, ते कुणीच घेत नाही. आम्ही सगळे त्याला ‘मेळ’ म्हणतो.

मेळ चालतो असा. अपघात झालेल्या माणसाच्या छातीवर अँब्युलन्समध्येच एक चकती चिकटवतात. नाडी, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू हे सगळं चकती मोजते आणि परस्पर पाठवते. मेळ ते मागच्या सहा वर्षांतल्या नऊ लाख अपघातांशी ताडून पाहतो आणि सांगतो, असा माणूस जगण्याची शक्यता शंभरात इतकी. पुढे तो जगला की गेला ते आम्ही कळवायचं. ज्या केंद्रात अपेक्षेपेक्षा कमी माणसं दगावतात ते केंद्र यादीत वर, जिथं जास्त दगावतात ते खाली. नुसते मृत्यू मोजले असते तर आमच्यावर अन्याय झाला असता, कारण आमच्याकडे घाटात ट्रकखाली सापडलेले येतात आणि शहरातल्या केंद्रात स्कूटरवरून घसरलेले. म्हणून अपेक्षा आधी मांडायची, निकाल नंतर. कल्पना चोख होती. आजही मी तिला नावं ठेवत नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी एकेचाळीस केंद्रं पडद्यावर एकत्र यायची. तिथं एक रिवाज होता. ज्यांची जगण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होती आणि तरीही जे गेले, त्यांची नावं त्या केंद्राच्या प्रमुखाने उभं राहून वाचायची. नाव, वय, गाव. सफाई द्यायची नाही, कारणं सांगायची नाहीत. वाचायचं आणि खाली बसायचं. सुरुवातीला या रिवाजाने खूप भलं केलं. आमच्याच केंद्रात रक्ताचा फ्रिज दुसऱ्या मजल्यावर होता, तो तीन नावं वाचल्यावर खाली दाराशी आला.

पण देवस्थळी सरांना तो रिवाज सोसवला नाही. गेल्या वर्षी एका गुरुवारी त्यांनी सात नावं वाचली. सातवं वाचताना त्यांचा आवाज फुटला आणि पडद्यावरच्या कुणीतरी घड्याळात बघितलं. एकेचाळिसात आम्ही छत्तिसावे होतो. सभा संपली तशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“ढाणे सिस्टर, तुम्ही जाणिवेचे गुण फार सढळ हाताने देता.”

हे गुण म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. डोक्याला मार लागलेला माणूस किती शुद्धीवर आहे हे चकतीला कळत नाही. त्याला हाक मारावी लागते. डोळे उघडतो का, शब्द बोलतो का, नखावर पेनने दाबलं तर हात काढून घेतो का, हे बघून माणसानेच गुण द्यायचे. पूर्ण शुद्धीवर असलेल्याला पंधरा, अगदी निपचित पडलेल्याला तीन. एवढी अद्ययावत यंत्रणा आणि तिची एक खिडकी अशी माझ्या बोटांवर उघडी होती.

“मी दिसतं ते लिहिते, सर,” मी म्हटलं.

“शंका असेल तिथे खाली जात जा. आठ की नऊ वाटलं तर आठ लिहा. पेशंटचं त्यात काही नुकसान नाही. उपचार मी बघूनच करतो.”

आता यातली मखलाशी बघा. माणूस आहे त्यापेक्षा अत्यवस्थ लिहिला की त्याची जगण्याची अपेक्षा कमी होते. तो गेला तर आमच्या नावावर ठपका नाही, जगला तर वाहवा. मला हे त्याच क्षणी कळलं. मी बारा वर्षांची जुनी नर्स आहे, बावळट नाही. तरी मी मान डोलावली. सात नावं वाचताना सरांचा चेहरा मी पाहिला होता, आणि खरं सांगायचं तर छत्तिसाव्या केंद्राची नोंद-सिस्टर म्हणवून घ्यायची मलाही लाज वाटत होती.

पहिल्या महिन्यात मी शंका असेल तिथेच खाली गेले. तिसऱ्या महिन्यापासून मला प्रत्येकाबाबत शंका येऊ लागली. नवाचे सात व्हायचे, आठाचे सहा. मी त्यात तरबेज झाले. कुणाच्या डोळ्यांवर येईल इतकं खाली कधी गेले नाही, दोनच गुण, बास. नऊ महिन्यांत केंद्र सतरा पहिलं आलं. दारात सरांच्या फोटोचा फ्लेक्स लागला. कोपऱ्यात माझाही फोटो होता, ओळखू न येण्याइतका छोटा. घरी तो मी नवऱ्याला मोठा करून दाखवला.

माझा नवरा हणमंत विहिरीच्या मोटारी भरतो. जळालेली मोटार उघडायची, आतली तांब्याची तार काढायची आणि नवी तार हाताने, वेढा मोजत गुंडाळायची. दुकानात त्याच्या नजरेपुढे आकड्यांचा कागद असतो आणि एक वेढा चुकला तर तो अख्खी गुंडाळी सोडवतो. फोटो बघून तो म्हणाला, “तुमच्याकडं असं एकदम काय बदललं गं?” मी म्हटलं, “फ्रिज खाली आणला.” तो हसला. मला त्या हसण्याचा राग आला होता.

इथवर नुसती लबाडी होती. पण मेळ फक्त यादी लावत नाही. जे केंद्र पहिलं येतं त्याचं वेगळेपण तो शोधून काढतो आणि तेच बाकीच्यांना नियम म्हणून लावतो. त्याचा मूळ हेतूच तो आहे, चांगलं असेल ते सगळ्यांनी उचलावं. तर मेळाने आमच्या नोंदी चाळल्या आणि त्याला एक नवल सापडलं. डोक्यात रक्ताची गुठळी आणि गुण सात किंवा सहा असे पेशंट बाकी केंद्रांत ताबडतोब टेबलावर घ्यायचे, कवटी उघडायचे. केंद्र सतरामध्ये मात्र अशा अठ्ठावीस जणांना नुसतं औषधावर ठेवलं होतं आणि त्यातले सव्वीस चालत घरी गेले होते.

जाणारच. ते नऊचे होते, आठचे होते. त्यांचं डोकं उघडायची गरजच नव्हती.

मेळाला हे कसं कळावं. त्याने नियम काढला, गुण सात किंवा सहा आणि गुठळी बोटाच्या जाडीपेक्षा कमी असेल तर सहा तास औषध देऊन थांबा. एकेचाळीस केंद्रांना एका सकाळी तो लागू झाला. नियमाबाहेर जायचं तर डॉक्टरला लेखी कारण नोंदवावं लागायचं, आणि ते कारण गुरुवारच्या सभेत सगळ्यांसमोर तपासलं जायचं. मी सरांच्या केबिनमध्ये गेले, दार लावून घेतलं.

“सर, हे थांबवायला हवं. खरे सातवाले थांबले तर मरतील.”

“खरे आणि खोटे असं काही नसतं, सिस्टर. गुण हे शेवटी मत असतं,” ते शांतपणे म्हणाले. “आणि पत्र काढायचं तर सही कुणाची? नोंदी तुमच्या अंगठ्याच्या ठशाने झाल्यात.”

मी दार उघडून बाहेर आले आणि कामाला लागले.

मग भेटी सुरू झाल्या. दर पंधरवड्याला कुठल्या ना कुठल्या केंद्राचे डॉक्टर आमची पद्धत बघायला यायचे. शाल, नारळ, गुच्छ, पोहे. अशाच एका भेटीत केंद्र तेवीसच्या प्रमुख आल्या, डॉ. निलोफर मुलाणी. पस्तिशीची, किरकोळ अंगाची बाई. पोह्यांना हात न लावता ती माझ्या नोंदी वाचत बसली.

“सिस्टर, या पेशंटला सात गुण आहेत. खाली तुमच्याच वॉर्डच्या सिस्टरने लिहिलंय, ‘पाणी मागितलं’. सात गुणांचा माणूस पाणी मागतो?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “आमच्याकडे मागतो, मॅडम. तुमच्याकडे पोचेपर्यंत त्यांची तहान मेलेली असते, त्याला आम्ही काय करणार?” पाहुणे हसले. देवस्थळी सर सर्वांत मोठ्याने हसले. मुलाणीबाईंनी फाइल मिटली. पुढच्या सभेत सरांनी त्यांना उभं केलं, कारण त्यांनी दोन पेशंटची डोकी नियमाबाहेर जाऊन उघडली होती. “दोघेही जगले, म्हणजे थांबलात तरी जगलेच असते,” असं सर सगळ्यांदेखत म्हणाले. बाईचा चेहरा उतरला होता. मला तेव्हा बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

दर गुरुवारी नावं वाचली जात होती, आता दुसऱ्या केंद्रांतली. मी खाली मान घालून ऐकायची. नियम लागल्यापासून नावाबरोबर उपचारही वाचायचे; ‘निरीक्षणाखाली’ हा शब्द आला की मी मोजायला एक बोट मुडपायची.

नियमाला पाच महिने झाले होते. मंगळवार, सकाळचे अकरा. फोन माझ्या नणंदेचा, विद्या वन्संचा. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण त्यांचं माझं कधी जमलं नाही. त्या मला दादाची ‘साहेबीण’ म्हणतात.

“वहिनी, दादाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं उडवलं. आमच्या हितल्या तेवीस नंबरात आणलंय. डोळं उघडंना झालाय. तू ये.”

पंचेचाळीस मिनिटांचा रस्ता होता. अपघात विभागात हणमंत एका पलंगावर होता, छातीवर चकती, डाव्या कानामागे सूज. मी त्याच्या कानाशी हाक मारली. डोळे उघडले नाहीत. नखावर पेन दाबलं तर हात ओढून घेतला आणि घशातून नुसता आवाज आला, शब्द नाही. डोळ्यांना एक, बोलण्याला दोन, हाताला चार. सात. वर्षभरात मी पहिल्यांदा खरे गुण दिले.

डॉ. मुलाणी समोर उभ्या होत्या. त्यांनी मला ओळखलं होतं.

“गुठळी आहे. बोटापेक्षा थोडी कमी. औषध सुरू केलंय. नियमाप्रमाणे पाच वाजता परत बघू.”

“मॅडम, थांबू नका. आत्ता उघडा.”

“का?”

एवढा एकच शब्द. त्याचं उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि शेजारी वन्सं उभ्या होत्या. मी म्हटलं, “मला अनुभव आहे. मला दिसतंय.”

“अनुभव मलाही आहे. मागच्या महिन्यात तुमच्या सरांनी तो सगळ्यांसमोर मोडीत काढला. मला नोंदवायला कारण लागेल, सिस्टर. पेशंटच्या बायकोला वाटतंय, हे कारण नाही. या खेपेला माझं केंद्रच काढून घेतील.”

मी त्यांना चिडून बोलले. म्हटलं, माणूस मरतोय आणि तुम्ही जुना राग काढताय. त्या म्हणाल्या, राग तुमच्या सरांवर काढायचा असता तर त्यांचा नियम मोडला असता. मग मी बाहेर व्हरांड्यात जाऊन देवस्थळी सरांना फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला.

“सर, तुम्ही मुलाणींना एक शब्द सांगा. तुमचं ऐकतील.”

“नियम आपल्याच केंद्राचा, सिस्टर. मीच तो मोडायला कसा सांगू?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्ही तिथं काही बोलून बसू नका. घाबरलेलं माणूस काहीही बोलतं आणि नंतर निस्तरता येत नाही.”

मी फोन ठेवला आणि तिथंच उभी राहिले. हे मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही, पण मी खरंच हिशेब करत होते. गुठळी लहान आहे. अठ्ठाविसातले सव्वीस वाचले. माझ्याच खोट्या आकड्यावर मी माझ्या नवऱ्याचा जीव तोलत होते. नोकरी जाईल, नर्सिंगचा परवाना जाईल, वन्संना हयातभर पुरेल इतकं बोलायला मिळेल. आत गेले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चाळीस मिनिटं सरली होती.

हणमंतच्या नखावर मी पुन्हा दाबलं. या वेळी हात ओढून घेतला नाही, छातीशी वाकडा आखडला. सहा.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “नियम खोटा आहे. आमच्याकडे सात गुणांचे पेशंट नव्हतेच. मी दोन गुण कमी लिहीत होते. चौदा महिने, रोज. सरांनी सांगितलं आणि मी लिहिलं. माझा अंगठा घ्या आणि हे कारण नोंदवा.”

मला वाटलं, आता मुलाणीबाई मला थोबाडीत देणार, आणि दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी अंगठ्याचं यंत्र माझ्यापुढे सरकवलं आणि वळून मोठ्याने म्हणाल्या, “टेबल तयार करा. आत्ता.”

ऑपरेशन तीन तास चाललं. वन्सं बाकावर माझ्यापासून एक जागा सोडून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण कितपत कळलं होतं ते मला कळत नव्हतं. त्यांनी एकदा पाणी आणलं, एकट्याच प्यायल्या.

चार वाजता डॉ. मुलाणी बाहेर आल्या.

“जगतील. पण डाव्या बाजूला दाब फार वेळ राहिला. उजवा हात आणि बोलणं, दोन्हीची खात्री नाही. हात तर मला कठीणच वाटतो.”

“मी आल्या आल्या सांगितलं असतं तर?”

“ते मला विचारू नका,” त्या म्हणाल्या. “तुमच्या नोंदींमुळे मी आठ जणांना थांबवून ठेवलं. चौघांची नावं मी उभी राहून वाचलीत. मला आता तुमच्याशी बोलायची इच्छा नाही.” आणि त्या गेल्या. मला मिळालेला पास गळ्यात अडकवून मी परत बाकावर बसले. अतिदक्षता विभागात एका वेळी एकाच नातेवाइकाला सोडतात, त्याचा तो पास.

थोड्या वेळाने तिथली नोंद-सिस्टर पडद्याची पाटी घेऊन आली. राजश्री नावाची, माझ्याहून लहान. मेळाचा फॉर्म मला तोंडपाठ होता. ‘निर्णयास विलंब’ या रकान्यापाशी ती अडली आणि हळूच म्हणाली, “ताई, मी ‘नियमानुसार निरीक्षण’ निवडते. खोटं नाही त्यात काही.”

तिचा हेतू चांगला होता. शंका असेल तिथे खाली जा म्हणणाऱ्याचाही सुरुवातीला कदाचित तसाच असेल.

“नको. ‘इतर’ निवड. आणि लिही, चाळीस मिनिटं. नियम खोटा असल्याचं पत्नीला ठाऊक होतं, तिने सांगितलं नाही.”

“ताई, हे कायमचं राहतं.”

“मला माहितेय. लिही.”

तिने लिहिलं. मी वाचून बघितलं आणि अंगठा उमटवला. राजश्री गेली. व्हरांड्यात दुपारची उन्हं आत आली होती आणि कुणाचं तरी लेकरू लादीवर चेंडू घरंगळवत होतं. वन्सं इतका वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, त्या आता माझ्याकडे वळल्या.

“वहिनी, तू चाळीस मिन्टांनी का हुईना, बोललीस. का, तर तो तुझा नवरा हुता. बाकीच्यांच्या बायकांना तर काय ठाऊकच न्हवतं. त्या बसल्या आसतील आशाच, पाच वाजायची वाट बघत. त्यातली किती मानसं गेली?”

त्या हे टोमण्याने बोलल्या नाहीत. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्या मला सरळ काही विचारत होत्या.

“एकोणीस,” मी म्हटलं.

“आन् तू दर खेपंला ऐकत हुतीस.”

“हो.”

आतून वॉर्डबॉयने दार किलकिलं करून विचारलं, ढाण्यांचे नातेवाईक कोण, पेशंट हलायला लागलाय, एकाने आत या. मी उठले. वन्संही उठल्या. त्यांनी माझ्यापुढे हात पसरला आणि तो तसाच धरून ठेवला. मी गळ्यातला पास काढून त्यांच्या हातात दिला, आणि त्या आत गेल्या.